मॉडेल मसल कारचं चौथं चाक टेकत नाही: तपासणी कुठून सुरू करायची

रंग मनासारखा बसलाय, क्रोम चकचकीत आहे, इंजिनला प्लगच्या वायरीसुद्धा ओवून झाल्यात, आणि गाडी कपाटातल्या काचेवर ठेवली की डुगडुगते. प्लास्टिक किटमधून मसल कार, म्हणजे १९६०-७० च्या दशकांतल्या दणकट इंजिनाच्या अमेरिकन गाड्या, बनवणाऱ्यांचं हे जुनं दुखणं आहे. स्वतःच्या आणि मित्रांच्या गाड्यांवर मी ते इतक्यांदा काढलंय की तपासण्यांचा क्रम आता हातात बसलाय. सगळी गाडी उसकायची वेळ फार क्वचित येते. दोष बहुतेकदा चाकात, नाहीतर एक्झॉस्टच्या पाइपात निघतो. लोक मात्र घाईने चॅसिस, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, पिळायला घेतात आणि साध्या दोषावर दुसरा मोठा दोष चढवतात.

उदाहरणाला १/२५ मापाची १९६९ सालची प्लायमाउथ रोडरनर घेतोय, कारण मी जास्त करून त्याच गाड्या बनवतो. दुसरी कुठलीही मसल कार असली तरी क्रम हाच.

लक्षणं

आधी नीट बघा, कारण लक्षणावरूनच अर्धं निदान होतं.

एका कोपऱ्यावर बोट ठेवून हलकं दाबलं की टक् आवाज येतो आणि समोरासमोरचा तिरका कोपरा उचलला जातो. डुगडुगणं म्हणतात ते हेच.

चारही चाकं टेकलेली आहेत, पण मागून बघितलं तर टायर आणि चाकाच्या कमानीमधली फट एका बाजूला जास्त दिसते.

चाक टेकलंय, पण समोरून बघितलं तर वरून आत किंवा बाहेर झुकलंय.

नुसती चॅसिस चारही चाकांवर ठाम उभी राहते, बॉडी बसवली की एक चाक उचललं जातं.

रात्री झोपताना गाडी सरळ होती, सकाळी वाकडी झाली.

वर्षभर कपाटात व्यवस्थित होती, उन्हाळ्यानंतर एक कोपरा खाली बसला.

यातलं तुमचं लक्षण कोणतं ते लिहून ठेवा. दोन एकदम असतील तर दोन्ही लिहा. पुढे दुरुस्ती करताना एक गेलं आणि दुसरं राहिलं, की लगेच कळतं.

दोष की गोष्ट?

आपण गाडीला कल्पनेतला इतिहास देतो, आणि गाडी कशी उभी राहणार हे त्या इतिहासावरून ठरतं. म्हणून हातात हत्यार घेण्याआधी हा प्रश्न सुटायला हवा.

माझ्या रोडरनरची गोष्ट अशी. गाडी डेट्रॉइटच्या लिंच रोड कारखान्यात बनली. ३८३ घन इंचाचं, ३३५ अश्वशक्तीचं इंजिन, चार गिअर. रोडरनर १९६८ साली आली तीच मुळी ३००० डॉलरच्या आत मूळ किंमत ठेवून, कामगाराच्या खिशाला परवडेल अशी. म्हणून पहिला मालक सुट्या भागांच्या कारखान्यात रात्रपाळी करणारा एक तरुण. शनिवारी रात्री तो वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर सिग्नल ते सिग्नल पळवायचा, आणि त्यासाठी त्याने मागे सुपर स्टॉक स्प्रिंग टाकल्या. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं, पेट्रोलला रांगा लागल्या आणि गाडी पडत्या भावात ओहायोतल्या एका पोराकडे गेली. त्याने मागे हवेचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर लावले, रुंद टायर घातले, मागची बाजू उंच केली. पुढे गाडी शेडमध्ये पडून राहिली आणि मिशिगनच्या रस्त्यांवर खाल्लेलं मीठ हळूहळू पत्र्यातून बाहेर पडायला लागलं. डेट्रॉइट शहराच्या खाली हजार फुटांहून खोल मिठाची खाण आहे. तिकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि गाड्या खालून कुजतात.

या टप्प्यांपैकी तुम्ही कुठला क्षण दाखवताय, त्यावर गाडीचा कल ठरतो. शोरूममधून नुकतीच बाहेर पडलेली गाडी सपाट उभी हवी. वुडवर्डवाली गाडी मागून उजवीकडे किंचित उंच असली तर ती चूक नाही. जोरात गाडी सोडली की ड्राइव्ह शाफ्टच्या (इंजिनाची ताकद मागच्या चाकांना नेणाऱ्या दांड्याच्या) पिळाने मागचं उजवं चाक हलकं पडतं. ते सावरायला क्रायस्लरच्या (प्लायमाउथ याच कंपनीची) सुपर स्टॉक स्प्रिंगांमध्ये डावी आणि उजवी वेगळी बनवत, आणि उभ्या गाडीची उजवी मागची बाजू थोडी वर दिसे. हे माहीत नसलं की माणूस खरी गोष्ट कानशीने घासून सपाट करतो.

शेडमधली गाडी एका कोपऱ्यात खाली बसलेली दाखवायची असेल, तर त्याला कारणही यंत्राला पटेल असं हवं. "हवेच्या शॉकचा एक पाइप फुटला म्हणून एकच बाजू बसली" असं बरेच जण लिहितात. पण त्या काळी दोन्ही शॉक बहुधा टी आकाराच्या जोडाने एकाच नळीवर असत. हवा गेली की दोन्ही बाजू बसणार. एकच पुढचा कोपरा बसवायचा असेल तर टॉर्शन बारचं, म्हणजे पिळ खाऊन स्प्रिंगचं काम करणाऱ्या सळईचं, कारण घ्या. या गाडीच्या पुढच्या प्रत्येक चाकाला स्वतंत्र टॉर्शन बार आहे आणि त्याची उंची ठरवणारा स्वतंत्र बोल्ट आहे. एक बार दमला की तो एकच कोपरा खाली जातो. मागचा एक कोपरा बसवायचा असेल तर स्प्रिंगचा मागचा आधार जिथे पत्र्याला लागतो, तिथला कुजलेला पत्रा दाखवा.

आता मुख्य गोष्ट. खऱ्या गाडीला स्प्रिंग असतात, म्हणून ती कितीही कलली तरी सपाट जमिनीवर चारही टायर टेकलेलेच असतात. आपल्या मॉडेलच्या स्प्रिंग म्हणजे प्लास्टिकचे ठोकळे, ते दबत नाहीत. त्यामुळे गाडी कललेली असणं ही गोष्ट असू शकते, चाक हवेत असणं हा कायम दोषच. ड्रॅग स्ट्रिपवर (सरळ रेषेतल्या शर्यतीच्या रस्त्यावर) पुढची चाकं उचललेला क्षण मुद्दाम दाखवत असाल तरच याला अपवाद.

पहिली तपासणी: टेबल खोटं बोलतंय का?

फुकटात होणारी तपासणी, आणि हीच सगळ्यात जास्त टाळली जाते. प्लायवूडचं टेबल, लाकडी शेल्फ, अगदी लॅमिनेट लावलेला कट्टासुद्धा सपाट असेलच असं नाही. जाड काचेचा तुकडा किंवा जुना आरसा घ्या, तो स्वच्छ पुसा, गाडी त्यावर ठेवा. मग गाडी त्याच काचेवर पाव फेरा वळवून ठेवा. हवेतलं चाक बदललं तर दोष काचेचा किंवा खालच्या कट्ट्याचा.

काच पक्की झाली की कागद घ्या. झेरॉक्सचा साधा ८० जीएसएमचा कागद सुमारे एक दशांश मिलिमीटर जाड असतो. त्याची पट्टी कापून प्रत्येक टायरखाली सरकवून बघा. फट मोठी असेल तर किती पट्ट्या एकावर एक बसतात ते मोजा. या मापात एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या गाडीत २५ मिलिमीटर, जवळपास एक इंच. एका कागदाची फट म्हणजे अडीच मिलिमीटर. ती डोळ्याला दिसत नाही, तिच्यामागे लागू नका. पाच-सहा कागद जात असतील तर पुढे चला.

एक लक्षात ठेवा: हवेत दिसणारं चाकच दोषी असेल असं नाही. तीन चाकांवर गाडी नेहमीच उभी राहते. चौथं उचललं गेलंय ते स्वतः वर असल्यामुळे, किंवा त्याच्या तिरक्या समोरचं वर असल्यामुळे, किंवा उरलेल्या दोनांपैकी एक खाली असल्यामुळे. चार संशयित आहेत. पुढच्या तपासण्या संशयित कमी करत नेण्यासाठीच आहेत.

दुसरी: चाकं आणि टायर

पुढची दोन चाकं काढून आपसात बदला. डुगडुग दुसऱ्या कर्णावर गेली तर दोष चाकात आहे. जागची हलली नाही तर अ‍ॅक्सलमध्ये किंवा त्याच्या वर. मागच्या दोन चाकांचंही असंच करा. चाकं चिकटवून टाकली असतील तर ही तपासणी करता येत नाही, म्हणून चाकं नेहमी शेवटी चिकटवावीत किंवा चिकटवूच नयेत.

चाकात काय बिघडतं? रबरासारखा दिसणारा व्हायनिल टायर रिमच्या खाचेत एका जागी पूर्ण बसत नाही, तिथे तो फुगतो. टायरच्या बाहेरच्या गोलावर साच्याची उभी रेघ राहते. ४०० नंबरच्या पॉलिश पेपरवर टायर गोल फिरवून ती काढा. क्रोमच्या रिमवर वेगळाच त्रास असतो. क्रोमच्या थरावर प्लास्टिकचा सिमेंट धरत नाही, म्हणून लोक जास्त गोंद ओततात, तो रिमच्या मागच्या भोकात साठून सुकतो आणि चाक तिरकं बसतं. भोकाच्या आतला क्रोम टोकदार ब्लेडने खरवडा, साठलेला गोंद हातड्रिलने काढा, चाक पुन्हा कोरडं बसवून बघा.

जुन्या किटचे टायर बरीच वर्षं रिमवर राहिले की त्यांतलं तेलकट रसायन प्लास्टिकला खातं. रिम एका बाजूने वितळल्यासारखं झालेलं दिसतं. असं रिम सरळ होत नाही. बदला, आणि नव्या रिमच्या कडेला टायर चढवण्याआधी पातळ फॉइलची पट्टी लावा, म्हणजे टायर आणि प्लास्टिक यांचा थेट संबंध येणार नाही.

टायरचा तळ घासून चाक "टेकवणं" हा लोकप्रिय उपाय आहे. तो करू नका. त्याने डुगडुग जाते, पण त्या कोपऱ्याची कमानीतली फट बदलते आणि दोष कायमचा दडतो. शेडमधली बसलेल्या टायरची गाडी दाखवायची असेल, तर दोष काढून झाल्यावर चारही टायर तळाशी थोडे घासा. तिथे ते गोष्टीचा भाग आहेत.

तिसरी: बॉडी उतरवा

बॉडी काढून नुसती चॅसिस काचेवर ठेवा. ठाम उभी राहिली तर अ‍ॅक्सलना हात लावायचं कारण नाही. बॉडी बसवताना आतलं काहीतरी दाबतंय आणि चॅसिस वाकतेय. इथे मला जवळजवळ नेहमी याच जागा सापडतात: बंपरखाली अडकलेलं एक्झॉस्टचं टोक, रेडिएटरच्या चौकटीची वरची कड, आणि दाराच्या आतल्या पॅनेलला घासणारा आसनांचा तळ. इंजिनवर उंच एअर क्लीनर बसवला असेल तर बॉनेट बंद करताना ते दाबतं आणि गाडीचं नाक वर येतं.

नेमकं कुठे दाबतंय ते शोधायला शाळेतला पोस्टर कलर वापरा. संशयाच्या जागी बारीक ठिपका लावा, ओला असतानाच बॉडी हलक्या हाताने बसवा, लगेच काढा. बॉडीच्या आत ज्या जागी रंग उमटला, ती जागा घासायची. काम झालं की ओल्या कापडाने पुसून निघतो. हे आतल्या, न दिसणाऱ्या भागांवरच करा, वरच्या रंगाला लावू नका.

घासताना थोडं थोडं घासा, प्रत्येक वेळी बसवून बघा. एक्झॉस्टच्या बाबतीत पाइप घासू नका, त्याचा लटकवणारा आधार सोडवून पाइप अर्धा मिलिमीटर खाली घ्या.

चौथी: पुढची बाजू

तरीही चाक हवेत असेल तर पुढून सुरू करा, कारण तिथे भाग सुटे असतात आणि सुधारणं सोपं असतं.

काही जुन्या किटांमध्ये इंजिनच्या पोटातून एक तार आरपार जाते आणि पुढची दोन्ही चाकं त्याच तारेवर असतात. ती तार काचेवर घरंगळवा. डचमळत घरंगळली तर वाकलीय. तेवढ्याच जाडीची सरळ स्टीलची तार कापून घाला, काम झालं.

नवीन किटांमध्ये दोन सुटे स्पिंडल, म्हणजे पुढचं चाक ज्यावर बसतं ते छोटे दांडे, असतात. डावं आणि उजवं एकमेकांची आरशातली प्रतिमा असतात, दिसायला सारखेच, आणि घाईत उलटे बसतात. मग एक चाक वर जातं, दुसरं आत झुकतं. दोन्ही शेजारी ठेवून स्टीअरिंगचा हात कुठल्या दिशेला आहे ते बघा. भोकात रंग साचलेला असेल तर एक मिलिमीटरच्या बिटने बोटांनीच फिरवून साफ करा. इलेक्ट्रिक ड्रिल नको, घर्षणाने प्लास्टिक वितळतं.

चाक झुकलंय की नाही हे डोळ्याने ठरवू नका. छोटा गुण्या काचेवर उभा करून चाकाला लावा. दोन्ही बाजूंना फट सारखी दिसली पाहिजे.

पाचवी: मागचा अ‍ॅक्सल आणि पाटे (मागच्या पट्ट्यांच्या स्प्रिंग)

मला सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, आणि गोष्ट सांगणाऱ्या मॉडेलमध्ये मूळ दोष बहुधा इथेच असतो.

आधी चाकांमधलं अंतर मोजा. खऱ्या रोडरनरच्या पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्यांत ११६ इंच असतात. १/२५ मापात ते जवळजवळ ११७.९ मिलिमीटर. किट थोडंफार इकडेतिकडे असेल, त्याने बिघडत नाही. डावीकडचं आणि उजवीकडचं माप एकमेकांशी जुळलं पाहिजे. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त फरक म्हणजे अ‍ॅक्सल तिरका चिकटलाय. असा अ‍ॅक्सल बहुधा एका पाट्यावर वर चढून बसलेला असतो, आणि चाक उचललं जाण्याचं कारणही तेच.

अ‍ॅक्सलची नळी बहुधा दोन अर्ध्यांची असते. पातळ सिमेंट प्लास्टिक विरघळवून जोडतो, जोड वरून सुकलेला वाटला तरी आतून एक दिवस मऊ असतो. त्या दिवसात गाडी एका कडेवर आडवी ठेवली, तर सकाळी वाकडी मिळते. रात्री सरळ, सकाळी वाकडी या लक्षणाचं उत्तर हेच. म्हणून अ‍ॅक्सल जोडताना चाकं कोरडी लावा, गाडी काचेवर उभी करा, चारही टायरखालून कागद ओढून बघा, चॅसिसवर मध्यभागी हलकं वजन ठेवा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावू नका. मुंबई-कोकणात पावसाळ्यात रंग सुकायला जास्त वेळ लागतो. पाट्यांच्या बैठकीवर रंग दिला असेल तर अ‍ॅक्सल चिकटवण्याआधी तो तिथून खरवडून काढा. ओलसर रंगावर चिकटवलेला अ‍ॅक्सल सरकतो.

आता उंची बदलण्याबद्दल. मागची बाजू वर घ्यायला आपण पाटा आणि चॅसिस यांच्यामध्ये प्लास्टिकच्या पट्टीचा तुकडा घालतो. दोन्ही बाजूंचे तुकडे एकाच पट्टीतून, एकावर एक ठेवून, एकाच घावात कापा. वेगवेगळे कापले की जाडीत नाही तरी टोकाच्या कोनात फरक पडतो आणि तो चाकापर्यंत वाढत जातो.

आणि वुडवर्डवाल्या गाडीसाठी फक्त उजवीकडे तुकडा घातलात, की पुढचं एक चाक हमखास हवेत जाणार. चॅसिस एकसंध आहे, ती पिळली जात नाही. मागून उजवी बाजू उंच झाली तर अख्खी बॉडी डावीकडे कलते, आणि पुढच्या चाकांनाही त्याच कोनात बसावं लागतं. खऱ्या गाडीत ते पुढच्या टॉर्शन बार आपोआप सांभाळतात, मॉडेलमध्ये ते आपल्याला करावं लागतं. मागे उजव्या चाकाशी उंची किती वाढली ते कागदाच्या पट्ट्यांनी मोजा, मग पुढचा उजवा स्पिंडल जवळपास तेवढाच खाली येईल अशी पातळ पट्टी घाला. अर्धा मिलिमीटर पुरेसा असतो. मोठ्या गाडीत तो अर्धा इंच आहे. त्याहून जास्त केलं की गाडी अपघात झाल्यासारखी दिसते. शेडमधल्या गाडीचा एक कोपरा बसवतानाही हेच गणित उलट दिशेने करायचं.

बसवलेला अ‍ॅक्सल सोडवायचा असेल तर आधी कुठल्या गोंदाने चिकटवलाय ते आठवा. फेव्हिक्विकसारखा सायनोअ‍ॅक्रिलेट असेल तर चॅसिस पिशवीत घालून तासभर फ्रीजरमध्ये ठेवा. थंडीत तो जोड ठिसूळ होतो आणि ब्लेडचं टोक घालून हलकं वळवलं की सुटतो. सिमेंटचा जोड असा सुटत नाही, तिथे दोन भाग वितळून एक झालेले असतात. बारीक दातांच्या करवतीने कापावं लागतं.

सहावी: चॅसिसच पिळलीय

इथवर सगळं बरोबर निघालं तरच इकडे या. सगळे भाग उतरवून नुसती चॅसिसची पट्टी काचेवर ठेवा. कोपरा उचललेला दिसला तर ती पिळलेली आहे. किटच्या खोक्यात जड फ्रेमखाली दबून, किंवा साच्यातून गरम असताना काढल्यामुळे असं होतं. वर्षभराने बसलेल्या गाड्यांचं कारण बहुधा उष्णता असते. मे महिन्यात बंद मोटारीत विसरलेलं खोकं, किंवा पश्चिमेच्या खिडकीतलं काचेचं कपाट, एवढं त्याला पुरतं.

रंग नसलेली पट्टी गरम पाण्याने सरळ करता येते. पॉलिस्टायरीन उकळत्या पाण्याच्या आसपास मऊ पडतं, म्हणून उकळतं पाणी कधीच नको. गॅस बंद करून थोडा वेळ थांबा, पट्टी काही सेकंद बुडवा, उलट्या दिशेला किंचित पिळा, लगेच थंड पाण्यात घाला. पुन्हा काचेवर बघा. एका झटक्यात सरळ करायला जाल तर ती कागदासारखी सुरकुतेल.

रंग दिलेली असेल तर पाणी विसरा. चॅसिस काचेवर ठेवून वजनांनी सपाट दाबा आणि वरच्या बाजूला, जिथे आसनांचा तळ झाकणार आहे, तिथे लांबीला दोन पितळी सळया अराल्डाइटने चिकटवा. हळू सुकणारा प्रकारच घ्या. चोवीस तास वजन काढू नका. सळई प्लास्टिकला धरून ठेवते आणि पुढचा उन्हाळाही निभावते. रंगवलेल्या चॅसिसला माझा कौल कायम सळईलाच.

सातवी: बॉडी वाकलीय

चॅसिस सपाट, अ‍ॅक्सल बरोबर, आत काही दाबत नाही, आणि तरीही बॉडी बसवली की चाक उचलतं. मग बॉडी एकटी काचेवर ठेवा. दाराखालची कड दोन्ही बाजूंना पूर्ण टेकायला हवी. टेकत नसेल तर बहुधा रंग सुकवताना ती गरम झालीय: गच्चीवरचं दुपारचं ऊन, ओव्हन, जवळून धरलेला हेअर ड्रायर. रंग दिल्यावर बॉडी सरळ करायचा सुरक्षित घरगुती उपाय मला माहीत नाही. फरक अर्ध्या मिलिमीटरपर्यंत असेल तर बॉडी चॅसिसला चार जागी, आतून, अराल्डाइटच्या ठिपक्यांनी बांधा आणि काचेवर दाबून सुकवा. गाडी कायम लाकडी पाटावर राहणार असेल तर दाराखालून बारीक तार काढून पाटाला ओढून घेणंही चालतं.

इथे थांबा

बॉडी रेझिनची असेल आणि वाकली असेल तर स्वतः तापवू नका. रेझिन वेगवेगळ्या तापमानाला मऊ पडतं आणि तडकलं की जुळत नाही.

१९५० च्या दशकातले, डीलरकडून जाहिरातीसाठी वाटले जाणारे प्रोमो मॉडेल सेल्युलोज अ‍ॅसिटेटचे असायचे. ते कालांतराने स्वतःच वाकतात. तुमच्याकडे असं काही वारशाने आलं असेल, किंवा १९६० च्या दशकातलं मूळ किट असेल, तर त्याला गोंद, करवत, गरम पाणी काहीच लावू नका. जुनी मॉडेल पूर्ववत करणाऱ्या जाणकाराला दाखवा.

डायकास्ट (ओतीव धातूच्या) गाडीचा खालचा रिव्हेट ड्रिलने उडवावा लागत असेल आणि तुम्ही धातूवर ड्रिल चालवलेलं नसेल, तर तेही सोडा.

सगळं करून बॉडीला पुन्हा रंग द्यायची वेळ आली आणि वरून दोन घटकांचा टू-के क्लिअर (चकाकीचा पारदर्शक थर) मारायचा असेल, तर ते काम मोटारींच्या पेंटरकडे द्या. त्यातलं आयसोसायनेट फुप्फुसांना घातक आहे आणि कापडी मास्कने अडत नाही. सायनोअ‍ॅक्रिलेट डोळ्यात गेला तर पाण्याने धुवा, पापण्या ओढून उघडू नका, थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.

आणि सहावी-सातवी तपासणी करूनही डुगडुग तशीच असेल, तर आर्किटेक्टसाठी इमारतींची मॉडेल बनवणाऱ्या एखाद्या कारागिराकडे जा. पुण्या-मुंबईत असे बरेच आहेत. त्यांच्याकडे सपाट दगडी पाट असतो, लेझर कटर असतो, आणि तुटलेला स्पिंडल थ्रीडी प्रिंट करून देण्याची सोय बहुधा असते. जाताना बॉडी उतरवून वेगळी न्या. चारही कोपऱ्यांखाली किती कागद बसले आणि दोन्ही बाजूंचं चाकांमधलं अंतर किती आलं ते लिहून न्या, गाडी कुठल्या बाजूला मुद्दाम कललेली हवी तेही त्याच कागदावर लिहा. चाकांची डबी सोबत द्यायला विसरू नका. चाकं लावल्याशिवाय त्यांनाही काही तपासता येणार नाही.